पहिली तपासणी कुणाची?

फाइल साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत होती. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी ती कपाटावरून काढली आणि एकेक कागद क्रमाने चटईवर मांडला. लग्नाला नऊ वर्षं झालेली. सुरुवातीचे कागद थायरॉईडचे आणि साखरेचे. मग सोनोग्राफीच्या चिठ्ठ्या : पाळीच्या अकराव्या दिवशी बीज किती मिलिमीटर, तेराव्या दिवशी किती, पंधराव्या दिवशी फुटलं की नाही. अशा कितीतरी महिन्यांच्या चिठ्ठ्या, आणि प्रत्येक चिठ्ठीमागे एसटीने सोलापूरची एक खेप. त्यानंतर नळ्यांचा एक्स-रे. ती काळी फिल्म त्यांनी खिडकीकडे धरली. मधे गर्भाशयाचा पांढरा त्रिकोण, दोन्ही बाजूंना दोऱ्यासारख्या बारीक रेषा. या तपासणीत गर्भाशयाच्या तोंडातून औषध दाबाने आत सोडतात आणि ओटीपोटात जीवघेणी कळ येते. दोन्ही नळ्या मोकळ्या आहेत, असं त्या रिपोर्टात स्वच्छ लिहिलं होतं. तरी पुढे क्युरेटिंग झालं. त्याच्यापुढे दुर्बिणीची शस्त्रक्रिया. मग दवाखाना बदलला, आणि नव्या डॉक्टरांनी नळ्यांचा एक्स-रे पुन्हा काढायला लावला.

नवऱ्याचा कागद सगळ्यात खाली होता. एकच. त्यावर लग्नाच्या सहाव्या वर्षातली तारीख, आणि निष्कर्ष एका ओळीचा : शुक्राणू आढळले नाहीत.

घरात हे कुणाकुणाला माहीत आहे, असं मी विचारलं. ‘‘ह्यांना आणि मला. सासूबाईंना नाही सांगितलं. ह्यांना कमीपणा यायला नको. मला काय, सवयच झालीय.’’ जावेच्या डोहाळजेवणाला आपल्याला कसं स्वयंपाकघरात गुंतवून ठेवलं होतं आणि ओटी भरायची वेळ आली तेव्हा आपल्याला हाक कशी आली नाही, हे त्यांनी सांगितलं ते त्याच सुरात. कागद पुन्हा त्याच क्रमाने पिशवीत गेले.

या लेखासाठी भेटलेल्या बायकांची आणि पुरुषांची नावं मी दिलेली नाहीत, गावंही अंधुक ठेवली आहेत. पण या फाइलीतला क्रम मात्र जसाच्या तसा सांगायला हवा, कारण अन्याय त्या क्रमातच आहे. पाच वर्षं एका बाईचं शरीर तपासत राहायचं आणि जी तपासणी दुखत नाही, कापत नाही, भूल मागत नाही, तुलनेने अगदी स्वस्तात होते, ती शेवटी करायची. नव्हे, बहुतेक घरांत ती करायचीच नाही.

वर्षभर कोणतंही साधन न वापरता नियमित संबंध येऊनही दिवस राहिले नाहीत, तर त्याला वंध्यत्व म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अहवालानुसार जगात दर सहा प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात केव्हातरी हा अनुभव येतो. त्यातल्या कारणांची विभागणी डॉक्टर मंडळींना नवीन नाही. अशा जोडप्यांपैकी सुमारे वीस टक्के जोडप्यांत अडचण फक्त पुरुषाकडे असते, आणखी तीस ते चाळीस टक्क्यांत दोघांकडे थोडी थोडी असते. म्हणजे जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाचा वाटा असतो. म्हणूनच अमेरिकेतल्या मूत्ररोग आणि प्रजननतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२० साली संयुक्तपणे काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू करा असं म्हटलं आहे. आपल्याकडचे डॉक्टरही हेच शिकून येतात. पण तपासणीच्या खोलीत खुर्चीवर बसलेली असते ती बाई. बरोबर सासू किंवा आई. ‘‘मिस्टर कुठे आहेत?’’ या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर येतं : ‘‘कामावर. त्यांना काही त्रास नाही.’’

त्रास नाही हे खरंच असतं, आणि गैरसमजाचं मूळही तिथेच आहे. ज्याच्या वीर्यात एकही शुक्राणू नाही अशा माणसाचं वैवाहिक जीवन पूर्णपणे नेहमीसारखं असू शकतं. वीर्याचा बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींच्या स्रावाचा असतो. शुक्राणूंचा वाटा त्यात शेकडा पाचच्याही आत. ते असले काय आणि नसले काय, डोळ्यांना फरक दिसत नाही, शरीराला जाणवत नाही. दाढीमिशा, आवाज, ताकद, इच्छा यांवरून तर काहीच कळत नाही. पण गावाच्या पारावर आणि शहरातल्या ऑफिसातही ‘याला मूल होत नाही’ याचा अर्थ ‘हा पुरुषच नाही’ असा लावला जातो. कायद्याने या दोन गोष्टी केव्हाच वेगळ्या केल्या आहेत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात नपुंसकतेमुळे शरीरसंबंधच आला नसेल तर विवाह रद्द ठरवता येतो. मूल होत नाही हे मात्र घटस्फोटाचं कारण नाही. हा फरक पुरुषांना नीट कळला, तर तपासणीची निम्मी भीती तिथेच जाईल असं मला वाटतं.

ती भीती मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये पाहिली. नमुना देण्यासाठी वेगळी खोली नव्हती. पेशंटसाठी असलेल्या संडासाचीच आतून कडी लावायची, आणि पाच मिनिटांत बाहेरून कुणीतरी दार वाजवायचं. एक तिशीतला माणूस घामाघूम होऊन रिकामी डबी परत ठेवून निघून गेला. त्याच्याबद्दल वाईट वाटलं. पुरुषांना तपासणीला या म्हणायचं, तर त्यांच्या लाजेची एवढी तरी सोय करायला हवी. घर जवळ असेल तर नमुना घरून आणता येतो, फक्त तो तासाभरात पोचला पाहिजे आणि वाटेत गार पडता कामा नये. आधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, बस. पथ्य एवढंच.

पुढचं काम तंत्रज्ञाचं. नमुना सुरुवातीला घट्ट असतो. शरीराच्या तापमानाइतक्या उबेत अर्ध्या तासात तो पातळ होतो. मग त्यातला थेंबभर एका चौकोनी काचेच्या मोजपट्टीवर. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी तिची खोली, आत आखलेली जाळी. दहा घरांत जेवढे शुक्राणू मोजले जातील तेवढे दशलक्ष दर मिलिलिटरला, असा तो सरळ हिशेब. मी डोळा लावला तेव्हा आधी नुसती धूसर हालचाल दिसली. मग त्यांतले काही सरळ पळताना दिसले, काही जागच्या जागी वळवळणारे, काही निपचित. तंत्रज्ञ एका हाताने मोजणीयंत्राचं बटण दाबत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमपुस्तिकेत संख्येची खालची मर्यादा दर मिलिलिटरला सोळा दशलक्ष आहे, हालचाल करणारे किमान बेचाळीस टक्के हवेत, आणि आकाराने अगदी निर्दोष असे शंभरात चार असले तरी चालतात. हा शेवटचा आकडा ऐकून पुरुषांना आधी धक्का बसतो आणि मग धीर येतो. एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नसतो हेही तो तंत्रज्ञ प्रत्येकाला सांगत होता. शुक्राणू तयार व्हायला सुमारे चौऱ्याहत्तर दिवस लागतात. दोन महिन्यांपूर्वी टायफॉईड किंवा डेंग्यूचा ताप येऊन गेला असेल तर आज संख्या कमी दिसू शकते. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा बघायचं.

याला लागतं काय? सूक्ष्मदर्शक, मोजपट्टी आणि शिकवलेला माणूस. मलेरियाच्या आणि क्षयाच्या तपासणीसाठी सूक्ष्मदर्शक सरकारी दवाखान्यांत आधीपासून आहे. आशाताईंच्या पात्र जोडप्यांच्या वहीत गावातल्या बाईची पाळी, बाळंतपण, नसबंदी यांची नोंद असते. त्या नोंदींवरून वर्षभरात दिवस न राहिलेल्या जोडप्यातल्या पुरुषाची पहिली तपासणी ग्रामीण रुग्णालयात झाली, तर किती एसटीच्या खेपा आणि किती क्युरेटिंग वाचतील!

समाजशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ साली ‘सीड अँड अर्थ’ हा निबंध लिहिला. पुरुष म्हणजे बी आणि स्त्री म्हणजे क्षेत्र, ही आपल्याकडची जुनी कल्पना अपत्यावरचा हक्क बापाकडे कसा देते, हे त्यांनी त्यात उलगडलं. बी ज्याचं, पीक त्याचं. मला या कल्पनेत अडतं ते पुढे. पीक आलं तर ते बियाण्याचं, मग आलं नाही तर दोष जमिनीचा कसा? २०२० च्या खरिपात मराठवाड्यात आणि विदर्भात पेरलेलं सोयाबीन उगवलंच नाही. शेतकरी कृषी कार्यालयावर गेले, कंपन्यांविरुद्ध तक्रारी झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत पोचलं. जमिनीला कुणी बोल लावला नाही. घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर उन्हाळ्यातच शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि सत्तर तरी उगवतात का बघायचं, हे कृषी सहायक दरवर्षी सांगतात आणि शेतकरी ते करतात. त्याच शेतकऱ्याच्या घरात सून मात्र गुरुवार धरते, गुरुचरित्राचा एकोणचाळिसावा अध्याय वाचते, अंगारा लावते, आणि दर महिन्याला पाळी आली की तोंड लपवते.

जुन्या ग्रंथांत हे सगळं एकाच बाजूने लिहिलंय असंही नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात पत्नीला मूल होत नसेल तर आठव्या वर्षी दुसरी करण्याची मुभा नवऱ्याला आहे. पण सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातला दुसरा अध्याय सुरूच होतो तो दूषित शुक्राच्या प्रकारांपासून, आणि असं शुक्र अपत्य देण्यास समर्थ नसतं असं तिथे साफ सांगितलं आहे. महाभारतात विचित्रवीर्य निपुत्रिक मेला आणि पंडूला शाप होता, म्हणून नियोगाचा मार्ग घेतला गेला. अंबिकेला, कुंतीला कुणी वांझ म्हटलं नाही. समाजाने यातली आपल्या सोयीची मुभा तेवढी उचलली. दुसरं लग्न करून पाहणं हा वंध्यत्वावरचा घरगुती उपाय होऊन बसला आणि तो पुढे कित्येक वर्षं टिकला. मुंबई प्रांतात १९४६ साली आणि देशभर १९५५ साली हिंदूंच्या द्विभार्येला कायद्याने बंदी आली, तरीही.

पुरुषांतली कारणं तरी कोणती? सर्वांत जास्त सापडणारं आणि बरं होण्याजोगं कारण म्हणजे व्हेरिकोसील, वृषणाभोवतीच्या शिरा फुगणं. साध्या पुरुषांत शेकडा पंधरा जणांना ते असतं. मूल न होणाऱ्या पुरुषांत पस्तीस-चाळीस जणांना. वृषण शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी थंड असावे लागतात, म्हणून तर निसर्गाने ते बाहेर ठेवलेत. फुगलेल्या शिरांत रक्त साचून तिथली उष्णता वाढते. डॉक्टरांना हे पुष्कळदा नुसत्या हाताने तपासून कळतं आणि छोट्या शस्त्रक्रियेने अनेकांत सुधारणा होते. लहानपणी वृषण खाली न उतरणं हे दुसरं कारण. दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झाली तर पुढचं नुकसान कमी होतं, पण ‘उतरेल आपोआप’ म्हणून घरचे थांबतात आणि त्याची किंमत पंचवीस वर्षांनी सून मोजते. वयात आल्यावर झालेले गालगुंड वृषणांवर उतरू शकतात. मधुमेहात मज्जातंतू बिघडून वीर्य उलट मूत्राशयात जाऊ शकतं. काहींत जन्मतः शुक्रवाहिनीच नसते. काहींत एक्स गुणसूत्र जादा असतं. साधारण सहाशे मुलग्यांमागे एकात हे आढळतं, आणि कित्येकांना ते मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच कळतं. तंबाखू, सिगारेट, दारू यांचा वाटा आहेच. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि टपरीवर पुड्या मिळतातच. काही जोडप्यांत तर संबंधच नीट आलेले नसतात. हे विचारायचं धाडस डॉक्टरही करत नाहीत आणि ते दोघं तर सांगणारच नाहीत.

हल्ली आणखी एक नवीन कारण तालुक्यातालुक्यांत पोचलं आहे. जिममध्ये अंग भरून यावं म्हणून घेतली जाणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. बाहेरून हार्मोन मिळू लागलं की मेंदू वृषणांना काम करण्याची आज्ञा देणं बंद करतो, आणि शुक्राणूंची संख्या पार शून्यावर येऊ शकते. दंड भरतात आणि आतली निर्मिती थांबते. मूल होत नाही म्हणून ‘ताकदीचं इंजेक्शन’ घेणाऱ्या माणसाचं तर दुहेरी नुकसान. इंजेक्शन बंद केल्यावर बहुतेकांची निर्मिती पुन्हा सुरू होते, पण त्याला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं.

इथे कॅलिफोर्नियातली एक हकीकत सांगितलीच पाहिजे. लॅथ्रॉप गावातल्या कारखान्यात डीबीसीपी नावाचं सूत्रकृमिनाशक तयार होत असे. १९७७ साली तिथल्या कामगारांना आपापसांत बोलताना जाणवलं की आपल्यापैकी कुणालाच अलीकडे मूल झालेलं नाही. त्यांनी आग्रह धरून तपासण्या करून घेतल्या. अनेकांची संख्या अत्यंत कमी निघाली, काहींची शून्य. पुढे त्या रसायनावर बंधनं आली. ते पुरुष एकमेकांशी बोलले म्हणून हे उघड झालं. प्रत्येकाने घरी जाऊन बायकोलाच दवाखान्यात धाडलं असतं तर कारखाना सुरू राहिला असता. आपल्याकडे द्राक्षबागेत, कापसात पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारे, कोल्हापूरच्या फाउंड्रीत भट्टीसमोर उभे राहणारे हजारो तरुण आहेत. ते या विषयावर एकमेकांशी बोलतात का?

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली, तेव्हा आशा मुख्यतः नळ्या बंद असलेल्या स्त्रियांना मिळाली. पुरुषांच्या बाबतीत खरा बदल ब्रसेल्समधल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये जाहीर केलेल्या इक्सी तंत्राने झाला. यात एकच शुक्राणू निवडून बारीक सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात. वीर्यात शुक्राणू नसले तरी वृषणातून थेट काढता येतात; निर्मितीच बिघडलेली असेल तेव्हाही सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या शस्त्रक्रियेत साधारण निम्म्या पुरुषांत ते सापडतात. फार मोठी गोष्ट आहे ही. पण हे उपचार कुणाच्या अंगावर होतात ते बघा. अडचण त्याची असली तरी दहा-बारा दिवस रोज पोटात इंजेक्शन तिला, बीजं वाढवताना पोट फुगण्याचा धोका तिला, भूल देऊन योनिमार्गातून सुईने बीजं काढायची तिची. एवढं सगळं करणारी ती, आणि गल्लीत बोललं जातं : ‘‘हिच्यासाठी त्याने किती पैसा ओतला!’’ त्या नवऱ्याने एवढं तरी घरात सांगायला हवं की औषध तिला चाललंय ते माझ्यासाठी. शुक्राणूंसाठी दाता घ्यायचा झाला तर अशा उपचारांविषयीच्या २०२१ च्या कायद्याने दोघांची लेखी संमती लागते आणि नमुना नोंदणीकृत बँकेतूनच घ्यावा लागतो. सही करताना तो डॉक्टरसमोर सत्य मान्य करतो. घरी येऊन गप्प बसतो.

मूल थांबवायचं असतं तेव्हाही चित्र हेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत कुटुंबनियोजनासाठी स्त्री नसबंदीवर अवलंबून असलेल्या विवाहितांचं प्रमाण ३७.९ टक्के आहे, पुरुष नसबंदीवर ०.३ टक्के. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेतली, त्याला शंभर वर्षं उलटून गेली. मूल नको असलं तरी तिचं शरीर, हवं असलं तरी तिचंच.

टोमण्यांबद्दल कायदा बोलतो, हे फार थोड्या बायकांना ठाऊक आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या तिसऱ्या कलमात शाब्दिक आणि भावनिक छळाची व्याख्या करताना मूल नसण्यावरून किंवा मुलगा नसण्यावरून केलेला अपमान आणि उपहास यांचा स्पष्ट उल्लेख आहे. बारशाला न बोलावणं, सवाष्ण म्हणून टाळणं यावर कुणी कोर्टात जाईल असं मला वाटत नाही. पण ‘हिला सोडून दुसरी कर’ असं रोज ऐकणाऱ्या बाईला हे कलम माहीत असलं पाहिजे. आणि वय तर तिचंच निघून जातं. पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या आणि प्रत झपाट्याने उतरते. नवऱ्याच्या तपासणीवाचून गेलेली पाच वर्षं तिला कोणताही डॉक्टर परत देऊ शकत नाही.

एका तालुक्याच्या ठिकाणच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाई आता पहिल्याच भेटीत दोघांना एकत्र बसवतात आणि त्याचा रिपोर्ट आल्याशिवाय तिचा नळ्यांचा एक्स-रे लिहून देत नाहीत. ‘‘काही जोडपी परत येत नाहीत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दुसरीकडे जातात, तिथे तिच्या तपासण्या सुरू होतात. मला ते कळतं. पण मी नियम बदलत नाही.’’

त्यांच्याच दवाखान्यात लातूर जिल्ह्यातल्या एक आजी भेटल्या. ऐंशीच्या आसपासच्या. त्यांना मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने कायदा धाब्यावर बसवून दुसरी केली. तिलाही झालं नाही. ‘‘आधी मला वांझ म्हनले, मग तिलाबी म्हनले. दोघी एका चुलीवर स्वयंपाक करायचो. त्यांच्याकडं कुणी बोट केलं नाही, आन् आमाला तरी कुठं सुचलं?’’ पुढे पुतण्या दत्तक घेतला. आता त्या पुतण्याच्या मुलाच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि नातसुनेला घेऊन शेजारच्या बाई कुठल्याशा बाबाकडे निघाल्या तेव्हा आजींनी तिला उंबऱ्यातूनच मागे फिरवलं. ‘‘म्हनलं, आधी ह्याला न्या.’’ नातू चार दिवस घरात कुणाशी बोलला नाही, मग आला. दोन वेळा तपासलं, दोन्ही वेळा संख्या कमी. डाव्या बाजूला व्हेरिकोसील निघालं. शस्त्रक्रिया झाली आहे. तंबाखू सोडायला सांगितलीय, ती अजून पूर्ण सुटलेली नाही, असं नातसुनेने आजींसमोरच डॉक्टरांना सांगितलं. पुढचा रिपोर्ट तीन महिन्यांनी, म्हणजे दिवाळी झाल्यावर यायचा आहे, आणि तोवर नातसुनेच्या कसल्याही तपासण्या करायच्या नाहीत असं डॉक्टरबाईंनी तिच्या कागदावर लिहून दिलं आहे.